अब्रू गेल्याचा साक्षीदार

आई, संसदेत सध्या बदनामीच्या कायद्यात बदल करायचा की नाही यावर चर्चा चालू आहे. कुणी कुणाची अब्रू घेतली तर तो गुन्हा धरून माणसाला तुरुंगात घालावं, की नुसता भरपाईचा दावा लावायची मुभा ठेवावी, असा एकूण वाद आहे. मी राजारामपुरीत एका क्लासमध्ये कायदा शिकवते, हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा माझं शिक्षण चालू होतं. पोरं मोबाइलवर ती भाषणं ऐकतात आणि मला विचारतात, "मॅडम, तुमचं मत काय?" मी म्हणते, दोन्ही बाजू लिहा, मार्क दोन्हीला असतात. पोरं हसतात आणि वहीत उतरवून घेतात. माझ्या आत काही हलत नाही. राग येत नाही, रडूही येत नाही. मध्यंतरी त्या कलमाचा आकडा बदलला, तो मी फळ्यावर बदलला आणि पुढं शिकवत राहिले.

घरी आप्पा टीव्ही लावून तीच चर्चा ऐकत बसतात. ऐकू कमी येतं, म्हणून आवाज सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढा. एका बाजूचे म्हणतात, बड्या लोकांनी या कलमाचा दांडका केलाय, कुणी विरोधात चार ओळी लिहिल्या की त्याला कोर्टाच्या खेपा घालायला लावून मोडायचा. ते खरंच आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, गरिबाकडं अब्रूशिवाय असतं काय, आणि भरपाईच्या दाव्याची कोर्ट फी त्यानं आणायची कुठनं? तेही खरंच आहे. या वाक्याला बाकं वाजली. वाजवणाऱ्यांपैकी कुणी कधी म्हशीचं शेण काढलं असेल असं वाटलं नाही, पण ते असो.

मला तो पेठेतला संध्याकाळचा दूध कट्टा दिसत राहतो. म्हशी ओळीनं उभ्या आहेत, गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ ग्लास हातात दिला जातोय. तालमीतले पैलवान, रिटायर झालेले मास्तर, नातवंडांना घेऊन आलेल्या म्हाताऱ्या. धार काढणाऱ्यांत बाई तू एकटीच, त्यामुळं तू सगळ्या पेठेची आक्का. त्या वर्षी आपल्या म्हशीचं रेडकू मेलं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही आणि काही जण मग तिला पान्ह्याच्या इंजेक्शनची सुई टोचून धार काढतात, हे पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तू सुई आणली नाहीस. गोठ्यात जाऊन तिच्या पोटाला डोकं टेकून बसायचीस आणि तिच्याशी बोलायचीस. चार दिवसांनी तिनं पान्हा सोडला. काय सांगितलंस तिला, म्हणून मी विचारलं, तर म्हणालीस, "म्हटलं, तुजं गेलं तसं माजं बी एक गेलंय. रड, पर दूध सोड." माझ्या आधीच्या भावाबद्दल तू बोललीस ती तेवढीच.

कट्ट्याची जागा पेठेतल्या एका पुढाऱ्याला गाड्या लावायला हवी होती आणि तू हलत नव्हतीस. गणपतीत मंडळाच्या स्टेजवरून तो माइकवर म्हणाला, "ती बाई सुई मारून धार काढती. पोराबाळास्नी ते दूध पाजू नका." तू खाली गर्दीत उभी होतीस, हातात दुधाची रिकामी चरवी. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडणारी तू, तिथून सरळ घरी आलीस. दुसऱ्या दिवशी वकील गाठलास आणि त्यांना सांगितलंस, "मला पैसं नकोत. त्यो खोटं बोलला, एवढं कोर्टातल्या सायबानं लिवून द्यावं." तुला हवं होतं ते एवढंच.

मग एका रविवारी वकीलसाहेब आपल्या घरी आले. स्वयंपाकघरात पाटावर बसून ते साईचा चहा फुंकून फुंकून पितायत. म्हणतायत, "आक्का, तुमाला चांगलं म्हणणारी ढीगभर माणसं हायत. मला एक माणूस असा द्या, ज्याच्या नजरंतनं तुमी उतरला. त्या भाषणापासनं ज्यानं तुमचं दूध सोडलं. न्हायतर अब्रू गेली हे दाखवायचं कसं?" शेगडीवर दोन पातेली आहेत. मोठ्यात दुधाचा चहा आणि लहान पातेल्यात कोरा, आप्पांसाठी. भाषणाच्या दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी दूध सोडलं होतं. नुसता कप मागं सरकवला होता. रेडकू मेलेली म्हैस इतकं दूध देते कशी, हा प्रश्न त्यांच्याही डोक्यात घुसला होता आणि त्यांनी तो तुला विचारलाही नव्हता. तू लहान पातेल्यावर झाकण ठेवलंस आणि म्हणालीस, "असा कोण न्हाय, सायेब."

"नीट आठवा की."

"आटवायचं काय त्यात? न्हाय म्हंजे न्हाय."

साक्षीला सगळे आले, तुझ्यावरच्या मायेनं आले. पैलवान पिंजऱ्यात उभा राहिला, तर पिंजरा लहान वाटायला लागला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "सायेब, आक्काच्या दुधावर ह्यो पिंड पोसलाय. कोण कायबी बोलू दे, माझ्या मनात आक्काबद्दल यवढाबी फरक पडला न्हाय." मास्तरांनी तर सांगितलं की आदर उलट वाढला. समोरच्या वकिलानं कुणालाही उलट प्रश्न विचारला नाही, उलट हात जोडून सगळ्यांचे आभार मानले. आपल्या माणसांना वाटलं, जिंकलो. निकाल लागला तो असा की बोलणं वाईट होतं खरं, पण त्यानं कुणाच्या नजरेत बाईंची किंमत कमी झाली असं काही दिसत नाही, आरोपी सुटला. प्रेमानं बुडवलं तुला सगळ्यांनी. बाहेर आल्यावर पैलवान रडकुंडीला आला होता, तर तूच त्याला म्हणालीस, "अरं बरं झालं की. माजी अब्रू गेलीच न्हाय म्हणं." आणि धारेची वेळ झाली म्हणून निघालीस. त्यानंतर कट्ट्यावर कुणी दूध गोड आहे म्हणालं की तू पटकन दुसरीकडं बघायचीस.

काल गरिबाच्या अब्रूच्या त्या वाक्याला बाकं वाजली तेव्हा आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. हातात कोऱ्या चहाचा कप होता. अजून तोच घेतात.

"तिनं मला बोलवायला पायजे हुतं," ते म्हणाले.

"कुठं?"

"कोर्टात. मी सांगितलं असतं की, माझ्या मनात आलतं म्हणून. परत्येक तारखंला इस्त्रीची कापडं घालून बसत हुतो मी घरात."

"आता सांगून काय उपेग, आप्पा?"

"न्हायच की," म्हणाले आणि त्यांनी आवाज पुन्हा मोठा केला.

मी आत येऊन ओट्याशी उभी राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता, तुझी कीव यायला हवी होती. आलं काहीच नाही. गाळणं धुतलं आणि जागेवर ठेवलं. माइकवरून गेलेली अब्रू पेठेतली होती, तिचं काय व्हायचं ते झालं. आप्पांना उभं केलं असतं तर केस जिंकली असतीस, आणि घरच्या माणसाचा, नवऱ्याचाच, विश्वास नव्हता हे सरकारी कागदावर आलं असतं. तुला कागद हवा होता, पण त्या किमतीला नको होता. एवढं मला कळतं. वर्गात ही केस मी "एका बाईची केस" म्हणून सांगते, साक्षीदाराअभावी गेली असं म्हणते आणि पुढच्या कलमाकडं वळते.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, घडी घालून कपाटात ठेवीन. उद्या पोरं पुन्हा मत विचारतील आणि मी पुन्हा दोन्ही बाजू लिहा म्हणेन. फक्त कोरा चहा आप्पांसाठी असायचा असं वर लिहिलंय, ते अर्धंच आहे, आई. त्या लहान पातेल्यात तू दोन कप ठेवायचीस. दुसरा माझा, त्या भाषणापासूनचाच. अभ्यासाला जाग राहते म्हणून घेते, असं मी तेव्हा म्हणाले होते आणि तू "बरं" म्हणाली होतीस. हल्ली कुणी कोरा का म्हणून विचारलं तर दुधानं पित्त होतं म्हणते.