साठ पॅराशूट आणि माझा शिक्का

३ मार्च

शिक्का मारला. साठही पॅराशूटवर. शिवण ओढून बघायचं यंत्र दोन दिवस बंद, ट्रक फाटकात उभा, आणि साहेब डोक्यावर — "सैन्याचं काम आहे बाई, दोऱ्याला गिरणीचा दाखला आहे ना? मारा!" शिक्क्यावरचा सतरा नंबर माझा. आधी शिवण ओढायची, मगच शिक्का, असा नियम. चौदा वर्षांत पहिल्यांदा उलटं केलं.

५ मार्च

यंत्र सुरू झालं. त्या साठांना वापरलेल्या नव्या दोऱ्याचं एक रीळ उरलं होतं. सहज एक पट्टी शिवून ओढली. काटा निम्म्यावर असतानाच तुटली! वाटलं, यंत्रच अजून बिघडलेलं असेल. जुन्या दोऱ्याची ओढली — ठणठणीत. मग नव्याच्या आणखी नऊ. नऊच्या नऊ तुटल्या.

 

६ मार्च

साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "माल गेला. आता बोंब मारलीत तर शत्रूच्या हाती आयतं कोलीत. देशाची अब्रू घालवायचीय का तुम्हाला?" मग हळूच, "आणि शिक्का कोणाचा आहे, आठवतंय ना?"

आठवतंय! दुसरं काही आठवतच नाही.

७ मार्च

काही केलं नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं.

९ मार्च

कुजबुज सगळीकडे पोचली. बारा वर्षं माझ्या डब्यात हात घालणारी शेजारच्या मशिनवरची आज दुसऱ्या टेबलाशी जेवली. जिन्यात मागून कोणीतरी म्हणालं, "देशाचं खायचं आणि देशालाच नावं ठेवायची." वळून बघायची हिंमत झाली नाही.

राग याचा येतो, की माझं प्रेम यांच्यापेक्षा कमी आहे असं यांना वाटतं! राष्ट्रगीत लागलं की मी अजून हातातलं काम टाकून उभी राहते. पण तो दोरा तुटला. मी बघितला.

१० मार्च

आजही गप्प.

११ मार्च

बाबांना सांगितलं. धास्ती त्यांचीच जास्त होती. तीस वर्षं सैन्यात काढलेली, त्यातली निम्मी विमानातून उड्या मारण्यात. घरात देशाबद्दल वाकडा शब्द चालत नाही; रेडिओवर कोणी टीका केली की बटण पिरगळतात. वाटलं, आता तोंड बघणार नाहीत माझं.

चष्मा काढून पुसला. "विमानाच्या दारात उभं राहिलं ना, की देशबिश काही आठवत नसे गं. शिवणारीवर भरवसा टाकायचा आणि उडी मारायची." मग एकदम चढ्या आवाजात — "आठवडा होत आला! मला काय सांगत बसलीस? त्यांना सांग!"

सैन्याच्या भांडाराला फोन केला. "लेखी द्या," म्हणाले. पत्रात देशप्रेमाच्या दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. दोरा कच्चा आहे, न तपासता शिक्का मी मारला, वापरू नका. साहेबांचं नाव लिहिलं, पण आधी माझं.

१२ मार्च

बाबा पहाटेच्या बसने जाऊन पत्र हातोहात देऊन आले. भांडारातून कारखान्यात विचारणा झाली असावी; मला फाटकातच अडवलं. रोज "ताई, उशीर झाला का?" विचारणारा पहारेकरी आज जमिनीकडे बघत म्हणाला, "वरून सांगितलंय." दुपारी खिडकीवर दगड आला. काचा बाबांनी झाडल्या. मी स्वयंपाकघरात कडी लावून बसले होते. लाज वाटते, पण बसले होते.

१४ मार्च

दारावर टकटक. कडी न काढता फटीतून बघितलं. दूधवाला होता!

१६ मार्च

भांडाराचं उत्तर आलं. दोरा कच्चाच निघाला. वेळ काढून कळवल्याबद्दल आभार मानलेत. एकोणसाठ पॅराशूट बाजूला काढली. साठावं दहा तारखेच्या सरावात वापरलं गेलं. जवान बावीस वर्षांचा होता.

मला पाच तारखेला माहीत होतं.