गुरुदासला चढणीवर गाठायचं

२१ नोव्हेंबर २०१८

काल तुळशीचं लग्न झालं आणि आज सकाळी मी गुरुदासवर सूड घ्यायचं ठरवलं.

कारण लिहून ठेवतो, पुढेमागे राग कमी झाला तर वाचायला बरं. मंगलाष्टकं चालू होती आणि तारा माझ्याकडे होती. माझी स्वतःची मुलगी, दहा महिन्यांची. ती रडायला लागली. फटाक्यांमुळे, माझ्यामुळे नव्हे. तेवढ्यात गुरुदासने, म्हणजे माझ्या चुलत भावाने, जो शिवाय शेजारीही आहे, तिला माझ्या हातातून काढून घेतलं आणि ती त्याच्या खांद्यावर झोपली. इथपर्यंत मी सोसलं. मग तो अख्ख्या वाड्यासमोर, म्हणजे सगळ्या वस्तीसमोर, म्हणाला, "चेडू तां, गॅसचो सिलिंडर न्हय." म्हणजे पोर आहे, सिलिंडर नव्हे. मी तिला कसं धरतो त्यावर ही टीका. सगळे हसले. आई हसली. गौरवी हसली, आणि ती माझी लग्नाची बायको आहे.

तारा त्याच्याकडे झोपते यात त्याचं कर्तृत्व काहीच नाही. त्याची आई, यशोदाकाकी, निर्गुडी आणि लसूण घालून एक तेल कढवते. ते चोळून हा रोज पहाटे धावायला जातो आणि दिवसभर त्या वासाने घमघमतो. त्या वासाने पोर झोपत नाही, तिची शुद्ध हरपते.

२२ नोव्हेंबर

ऑफिसात दिवसभर सुडाचा विचार. बोलणं बंद करावं, तर त्याला ते कळणारच नाही, कारण तो ऐकतोच कधी. तो विमा एजंट आहे, त्याच्याकडे काढलेला विमा मोडावा, तर तो गौरवीच्या नावावर.

संध्याकाळी देवळापाशी मार्ग सापडला. स्पोर्ट्स क्लबचा बोर्ड लागलाय. १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिनाची दौड. देवळापासून शेताच्या बांधावरून, मग घाटी चढून वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, आणि परत. दरवर्षी गुरुदास पहिला येतो. दरवर्षी मी बक्षीस समारंभात खुर्च्या लावतो.

यंदा त्याला घाटीच्या चढणीवर गाठायचं. आणि मागे वळून बघायचं नाही.

२५ नोव्हेंबर

दैव माझ्या बाजूने आहे. गौरवीचा भाऊ महेश बोटीवर कामाला असतो, तो काल वास्कोला उतरला आणि आज भाचीला भेट घेऊन आला. जॉगिंग स्ट्रोलर. म्हणजे बाळाला आत बसवून आईबापांनी मागे पळायची बाबागाडी. तीन चाकं, सायकलसारखी हवेची. खाली स्प्रिंगा. हँडलला ब्रेक. बाळाला आवळायला पाच पट्टे आणि बापाच्या मनगटाला अडकवायला एक, म्हणजे उतारावर हात सुटला तरी गाडी सुटत नाही. खोक्यावरचा परदेशी बाप डोंगरात पळतोय आणि बाळ हसतंय. बापाला पोट नाही. फरक तेवढाच.

योजना पूर्ण झाली. मी एकटा पळणार नाही. तारासकट पळणार. चढणीवर गुरुदासच्या बाजूने गाडी नेणार, तारा हसत असणार, माझ्याकडे बघून. सगळा वाडा बघेल की ती कुणाची मुलगी आहे.

गौरवीने अट घातली. आधी ताराच्या वजनाचं दुसरं काहीतरी आत बसवून सगळ्या वाटेची चाचणी घ्यायची. जे बसवलं असेल ते अखंड घरी आलं तरच तारा बसेल. मी म्हटलं, शास्त्रीय पद्धत हीच आहे.

२८ नोव्हेंबर

चाचणी पहिली. आत नारळ. रस्ता चिऱ्यांच्या खडीचा.

गाडीचं मत: उत्तम. स्प्रिंगांना खडी कळलीसुद्धा नाही. मला कळली. नारळ मात्र पट्ट्यात राहत नाहीत, एकेक करून बांधावरून शेतात गेले. दोष नारळांचा. त्यांना खांदे नसतात.

पोदेर सायकलवर पावाची टोपली घेऊन मला मागे टाकून गेला. त्याने हॉर्न वाजवला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, पण गुरुदासच्या घरी पाव तोच देतो, हे ध्यानात ठेवलंय.

३० नोव्हेंबर

शुक्रवार. हाफ डे टाकून म्हापशाच्या बाजारात गेलो आणि कोहळा निवडला. वजन ताराएवढं, आकार ताराएवढा, स्वभाव तारापेक्षा शांत. येताना तो मांडीवर घेऊन पेडण्याच्या बसमध्ये बसलो. शेजारच्या बाईने जागा दिली.

कोहळ्याला मी नीट धरलं होतं. बघायला गुरुदास हवा होता.

४ डिसेंबर

तयारी. रोज पहाटे उठायचं ठरवलंय. रोज ठरवतो. दव फार पडतं आणि धावपटूने घसा जपावा.

गुरुदास संध्याकाळी आला, ताराला घेतलं, ती झोपली, तो गेला. मला विचारत होता की तूही दौडीत आहेस ना. म्हटलं, बघू. पोटात आग आणि चेहरा थंड, असं जमलं मला.

७ डिसेंबर

आज मोठी चाचणी. फार शिकायला मिळालं. क्रमाने लिहितो.

आई काल म्हणाली, उद्या अवस आहे, काळोखात बाहेर पडू नको. मी म्हटलं, चंद्राचा आणि फिटनेसचा संबंध नाही. कोहळ्याची पांढरी पूड गाडीच्या काळ्या कापडाला लागते म्हणून त्याला एका तांबड्या कापडात गुंडाळला. पळताना तो किती फिरतो ते कळावं म्हणून वर खूण हवी होती. पेन्सिल उमटेना, तेव्हा देव्हाऱ्यातल्या कुंकवाची रेघ ओढली. माझ्यासाठी अर्धं लिंबू आणि मीठ घेतलं. ताकदीला.

तिठ्यापर्यंत, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथपर्यंत, एका दमात गेलो. मग दुसरा दम येईना. पट्टे तपासायला कोहळा बाहेर काढून खाली ठेवला, लिंबू चोखलं, ते बाजूला ठेवलं, मीठ सांडलं. इतक्यात बॅटरीचा उजेड. गुरुदास. मी त्या क्षणी जरा जास्त धापा टाकत होतो आणि शत्रूला आपला दम दाखवू नये. गाडी घेऊन चिऱ्यांच्या गडग्यामागे बसलो. कोहळा राहिला.

गुरुदास आला. थांबला. बॅटरी खाली मारली. तो उलट्या पावली सरकला, वळला आणि घरापर्यंत असा पळाला की तसा तो दौडीतही कधी पळालेला नाही.

रस्त्यावर चाकांचे ठसे होते. माझ्या तयारीचा त्याला अंदाज आला असणार.

कोहळा उचलायला उठतो तर पोदेर आला, मग दूधवाली तारा… म्हणजे दुसरी, वरच्या वाड्यातली. मग आणखी माणसं. सगळी लांब उभी राहून कोहळ्याकडे बघत होती. मी काजूच्या बागेतून वळसा घालून रिकामी गाडी घरी आणली. गौरवीने विचारलं, कोहळा फुटला का. मी म्हटलं, अजिबात नाही. हे शंभर टक्के खरं आहे. चाचणी यशस्वी.

८ डिसेंबर

गुरुदासला ताप.

९ डिसेंबर

आईने आज बातमी आणली. म्हणे कुणीतरी अवसेच्या पहाटे तिठ्यावर गुरुदासच्या वाटेत कोहळा उतरवून ठेवलाय. तांबडं कापड, कुंकू, कापलेलं लिंबू, मीठ, सगळं रीतसर. यशोदाकाकी रडून रडून सुजली आहे. गुरुदास घराबाहेर पडत नाही आणि धावणं बंद.

मी विचार केला. मला कुणी काही विचारलेलं नाही. न विचारता बोलणं हा आगाऊपणा. शिवाय मी या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, तेव्हा मी सांगितलं तर उलट अंधश्रद्धेला महत्त्व दिल्यासारखं होईल. तुळशीच्या लग्नात तो हसला होता. आता मी हसतोय. मोठ्याने नाही, न्हाणीघरात.

१४ डिसेंबर

एक अडचण. गुरुदास येत नाही, म्हणून तारा झोपत नाही. संध्याकाळ झाली की दाराकडे बघते आणि ओठ काढते. मग रडते. मी घेतली की आणखी रडते. खांद्यावर घेतली, मांडीवर घेतली, गाडीत बसवून अंगणात फिरवली. अंगणात तर अशी किंचाळली की कुत्रा उठून दुसऱ्या घरी गेला.

मला वाईट वाटलं. लिहायला नको, पण वाटलं. एवढीशी पोर, तिला बाप नको असतो याला काय म्हणायचं.

राग पुन्हा आला हे बरं झालं. हे सगळं त्या गुरुदासने केलंय.

१६ डिसेंबर

देवळात गाऱ्हाणं. यशोदाकाकीने नारळ ठेवला, सगळा वाडा जमला. मी न जाऊन कसं चालेल, संशय आला असता. पुढच्या रांगेत उभा राहिलो. गुरुदास शाल पांघरून बसला होता, चेहरा उतरलेला. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. मी दुसरीकडे बघितलं.

गुरवाने हात जोडून देवाला हाक मारली आणि म्हणाला, "ज्या कोणी ह्यां केल्यान आसात, तेचे पाय जाग्यार धर रे म्हाराजा." म्हणजे हे करणाऱ्याचे पाय जागच्या जागी खिळव. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा." सगळे ओरडले. मीही. सर्वांत मोठ्याने मीच. गौरवी माझ्याकडे वळून बघत राहिली.

गाऱ्हाण्याचा परिणाम असा की गुरुदासचा ताप संध्याकाळपर्यंत उतरला. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

१९ डिसेंबर, सकाळ

आजचा दिवस. पाय हलके आहेत. थोडे जड आहेत, पण ते रात्री नीट झोप नसल्यामुळे. तारा पाच पट्ट्यांत बसली आहे, डोक्याला टोपी. गौरवी म्हणते पळू नको, चाल, आणि ती स्वतः वर सड्यावर थांबणार आहे. मी म्हटलं, थांब आणि बघ.

१९ डिसेंबर, दुपार

पलंगावरून लिहितो आहे.

सुरुवात भव्य झाली. गुरुदासला तापामुळे अशक्तपणा होता, तो सगळ्यांत मागे उभा राहिला. म्हणजे देवळापासून बांधापर्यंत मी त्याच्या पुढे होतो. याला शंभर साक्षीदार आहेत. तारा बांधावर रडायला लागली. मी तिला सांगत होतो, थांब गे, आता बघ गंमत.

घाटी लागली. दुसऱ्या वळणावर दोन्ही पोटऱ्यांत असा गोळा आला की पाय होते तिथेच राहिले. पुढे जाईनात, मागे येईनात. शरीरात पोटॅशियम कमी झालं की असं होतं, हे मी तेव्हाही मनातल्या मनात म्हणत होतो. मोठ्याने फक्त ओरडत होतो. ब्रेक मात्र दाबला. गाडी चढणीवर जागची हलली नाही. ब्रेकला दहापैकी दहा.

मागून गुरुदास आला. मला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. माझ्या पायांकडे बघून पांढरा पडला. मग गाडीचं हँडल धरलं आणि ढकलायला लागला. माझ्या मनगटाला पट्टा होता. गाठ सुटेना. तेव्हा गुरुदास पुढे, त्याच्या हातात माझी गाडी, गाडीत माझी मुलगी आणि मागे पट्ट्याला मी, लंगडत, अशी आमची मिरवणूक सड्यावर पोचली. तिथून पहिलं कोण वळलं ते कुणी बघितलंच नाही. सगळे आम्हालाच बघत होते. तारा पुढच्या वळणाआधीच झोपली होती.

वर त्याने मला काजूच्या सावलीत बसवलं, खिशातून तेलाची बाटली काढली आणि माझ्या पोटऱ्या चोळल्या. मग कानाशी येऊन हळूच म्हणाला, "तुकाय केलां रे कोणीतरी. दोगांयचेर डोळो आसा. जपून रव." मलाही कुणीतरी करणी केली, असं त्याला वाटत होतं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

मी म्हटलं, असेल.

बाटली त्याने माझ्याजवळ ठेवली. दोन दिवस लाव म्हणाला.

२० डिसेंबर

रजा. उठवत नाही.

गौरवीने चहा देताना विचारलं, माझ्या आईने ओटीत दिलेला तांबडा ब्लाउजपीस कुठे आहे. मी म्हटलं, धुवायला असेल. ती म्हणाली, तो तिठ्यावर आहे आणि लोक त्याला वळसा घालून जातात. कोहळ्याची बातमी आली त्याच दिवशी तिला कळलं होतं. मी कधी बोलतो ते ती बघत होती. उद्या दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, तो कोहळा मीच उचलून आणायचा आणि आधी गुरुदासच्या घरी जायचं. नाहीतर ती ताराला घेऊन डिचोलीला माहेरी जाईल. अखंड घरी आला पाहिजे अशी अटच होती, म्हणाली.

गाडीचा अंतिम अहवाल: खडी, बांध, चढण, सगळीकडे उत्कृष्ट. बापांसाठी शिफारस करता येत नाही.

संध्याकाळी तेल लावून बसलो होतो. तारा दाराकडे बघत रडायला लागली. गौरवी मुद्दाम आत राहिली. शेवटी मीच उचलली, सिलिंडरसारखी, मला दुसरं येत नाही. ती थांबली. माझ्या मानेशी नाक नेलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग डोकं खांद्यावर टाकलं आणि झोपली.

अजून झोपली आहे. एका हाताने लिहितो आहे. पाय दुखतात, पण मी हललेलो नाही.

बाटलीत अर्धं तेल आहे. उद्या मी गुरुदासला कोहळ्याचं सगळं सांगेन. तेलाचं विचारलं, तर संपलं म्हणून सांगेन.