मध्यावरचा काटा

४ एप्रिल
पुन्हा गाडीचं हेड गॅसकेट गेलं! यवतमाळहून परत येताना, पुसद सोडल्यावर चढावर बॉनेटमधून भसकन वाफ. धम्मरत्न खाली उतरले. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका – मी ओरडलेच. ऑइलच्या कांडीला दुधाचा चहा लागल्यासारखं दिसलं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये शिरलं. एवढं आता मलाही कळतं.

रस्त्यावर सावली नाही. मी यांच्या छातीकडेच बघत होते. मागच्या वर्षी झटका आला तेव्हा याच गाडीने उमरखेडहून यवतमाळला वेळेत पोचवलं. पुन्हा तसं झालं आणि ही चढावरच थांबली तर?

७ एप्रिल
गॅरेजमधून जफरभाईंचा फोन – "भाभी, हेड वाकलं. लेथवर नेऊन सपाट करा लागते." दिवाळीपासून तिसऱ्यांदा. उरलेली मुदत ठेव मोडली.
"आपण गाडी पोसून राह्यलो का म्हैस?" – धम्मरत्न. मला हसू आलं नाही.

१२ एप्रिल
गाडी आली. मी शेजारी बसून तापमानाच्या काट्याकडे बघत राहते. जरा वर सरकला की गाडी थांबवायला सांगते.
"शीला, रस्ता पाह्यत जा नं. काहून काट्याकडंच पाहून राह्यली?"
"रस्ता तुम्ही बघा!"

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत हे कायम पुढे. आज चौकातल्या ओट्यावर बसून राहिले. "ऊन हाय." ऊन होतंच.

१९ एप्रिल
यवतमाळला तपासणी. नेहमीसारखंच – "तू गोळ्यांच्या रांगेत लाग, मी डॉक्टरले भेटून येतो." हसत बाहेर आले. "सगळं ठीक हाय."
आणि येताना काटा मध्यावर! चढावरसुद्धा हलला नाही. माझा डोळा लागला. गाडीत! किती महिन्यांनी.

३ मे
काटा मध्यावरच होता. तरी आधी वास, मग वाफ, मग सगळं बंद. ट्रकवाल्याने दोर बांधून ओढत आणलं. वाटभर मी त्या काट्याकडे बघत होते. इतका शांत. हा खोटं कसं दाखवेल?

६ मे
जफरभाईंनी बोलावलं. सेन्सरच्या वायरीला काहीतरी बारीक जोडलेलं, वर काळी चिकटपट्टी. "भाभी, कोणीतरी काटा बांधून ठेवला. इंजिन उकळलं तरी हा इथंच राहते. मी नाही केलं, खुदा की कसम!"

चिकटपट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी नखात यावं म्हणून. आमच्या घरातल्या प्रत्येक बटणामागे टोक असंच दुमडलेलं आहे. धम्मरत्न लाइनमन आहेत.

घरी येऊन विचारलं. चहा ढवळत राहिले. "तू त्या काट्यापायी मरून राह्यली होती. मले पाहवे ना. म्हटलं, तुले झोप तरी येईन."
भांडायचं ठरवून आले होते. जमलं नाही.

७ मे
सकाळी चप्पल घालता घालता मध्येच थांबले, दाराची चौकट धरून. मी विचारलं – डॉक्टर खरंच म्हणतात का, सगळं ठीक आहे?
वर पाहिलं नाही.
"जफरभाईची गाडी मागव," म्हणाले. "अन् या खेपेले तूही आत ये."