रिकामी पिशवी

३ मार्च
नवी नोकरी, नवी खोली आणि खिडकीतून थेट ऊन! नर्स म्हणून हे माझं तिसरं रुग्णालय, पण इतकं लखलखीत पहिलंच. इथे दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. पोटावर चार बारीक भोकं, कुशीतून एक नळी आणि तिच्या टोकाला आतलं पाणी जमायला पिशवी. वॉर्डातल्या मावशींनी आल्या आल्या मला लेक करून टाकलं. नियमही सांगितला: आठला मोठे डॉक्टर येतात, त्यांना घाण खपत नाही, म्हणून पावणेआठला सगळ्या पिशव्या रिकाम्या. मोजायचं नाही, लिहायचं नाही. मला काय, तेवढंच काम वाचलं! जेवल्यावर उजव्या बरगडीखाली जरा दुखलं, धावपळीनं असेल.

९ मार्च
चार नंबरच्या शिंपीणबाई माझा ढगळ ॲप्रन आवळून देणार आहेत. माप नजरेनंच घेतलं म्हणे. आज त्यांच्या पिशवीत हिरवट पिवळं पाणी होतं. हिरवं म्हणजे पित्त, म्हणजे आत पित्ताची वाट कुठेतरी फुटलीय. मला हे ठाऊक होतं. तरी घड्याळ पाहिलं आणि ओतून टाकलं. रिकामी पिशवी पाहून डॉक्टरांनी नळी काढली, त्यांना घरी सोडलं आणि माझ्या टापटिपीचं कौतुक केलं. मी चक्क लाजले.

१५ मार्च
शिंपीणबाई परत आल्या. डोळे पिवळे, पोट टम्म. दुपारी गेल्या. तोंडावर चादर मीच ओढली. पिशवीतल्या हिरव्याचं कुणाला सांगितलं नाही. फार लाज वाटते.

२२ मार्च
बरगडीखालचं दुखणं म्हणजे पित्ताशयात खडे निघाले. मोठे डॉक्टर म्हणाले, घरचीच मुलगी, उद्याच उरकून टाकू.

२५ मार्च
माझ्या पिशवीत हिरवं. ताप. डॉक्टरांना सांगितलं, शिंपीणबाईंचंही सांगितलं. रिकामी पिशवी बघून ते हसले. नर्सच सगळ्यात भित्र्या, म्हणाले. मावशींना विनवलं, ओतू नका. तुझ्यापायी बोलणी खाऊ का गं, म्हणाल्या.

२६ मार्च
पिशवी चादरीखाली लपवली. मग गुंगीचं इंजेक्शन — जाग आली तेव्हा रिकामी. नळी उद्या काढणार.

२७ मार्च
पोट ताठ. तळहात पिवळे. पिशवी भरलीय, हिरवीगार. पंधरा मिनिटं राहू दे, एवढंच — बादली वाजली. मावशी कपाळावरून हात फिरवतायत, किती मायेनं. आवाज फुटत नाही. लिहून दाखवते — मावशी, आज नको, ती पि