बाबा म्हणाले की

३ मार्च, मंगळवार

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. एक्कावन्न वर्षांच्या, दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला टिल्लू म्हणावं का, हा प्रश्न मला दर पत्रात पडतो आणि दर पत्रात मी तेच लिहिते. मी बरी आहे. गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना गप्प असतो. गच्चीची गळती एकदाची थांबली. गवंडी दोनदा येऊन बघून गेला, तिसऱ्या वेळी त्याचा मेहुणा आला आणि काम मेहुण्यानं केलं. शेजारच्या दोन मुली अजून दुपारी इंग्रजीला येतात. तुम्ही तिघं खुशाल असाल, असं पुढचं वाक्य लिहिणार होते, पण रविवारी तू फोनवर जे सांगितलंस त्यानंतर ते लिहवत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू मधे काहीतरी बोलशील आणि मी नेहमीसारखी विषय बदलेन. म्हणून कागद.

तू म्हणालास, दीड महिना झाला, मुलगा तुझ्याशी बोलत नाही. कॉलेज सोडून हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम शिकायचं म्हणतो, त्यावरून तू ओरडलास. तेव्हापासून जे असेल ते तो आईला सांगतो, आणि ती तुला. मग हसून म्हणालास, “ती अगदी तुझ्यासारखी आहे, ताई. दोन्हीकडचं गोड करून पोचवते. तू होतीस म्हणून ते चार महिने निभले.”

मीही हसले. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले, तर कशासाठी आले तेच आठवेना.

त्या चार महिन्यांचं तुला सगळं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण माझ्या बाजूनं ते तू कधी ऐकलेलं नाहीस.

आपल्या फोटोफ्रेमच्या दुकानावर बाबांनी नवी पाटी रंगवून घेतली, खाली ‘आणि चिरंजीव’ असं घालून. रंग पुरता वाळायच्या आत तू सांगितलंस की वीज कंपनीची परीक्षा पास झालो, चार महिन्यांनी दुसऱ्या शहरात रुजू व्हायचंय. परीक्षा दिलीस हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. मग तुझ्याशी बोललेच नाहीत.

आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. जेवायच्या टेबलाला तीन खुर्च्या, मधली माझी. बाबा म्हणायचे, “त्या गाढवाला विचार, भाजी हवी का.” मी तुझ्याकडे वळून, “बाबा विचारतायत, भाजी हवी का.” तू म्हणायचास, “त्यांना सांग, त्यांच्या हातची घशाखाली उतरणार नाही.” मी बाबांकडे वळून, “नको म्हणतोय, पोट भरलंय.” हाताच्या अंतरावर बसलेली दोन माणसं. दोघांनीही मूळ वाक्य चांगलं ऐकलेलं असायचं, तरी माझं सांगून होईपर्यंत घास हातात धरून थांबायचात.

आणि सकाळी शाळेत मी नववीला हेच शिकवत होते. डायरेक्ट-इनडायरेक्ट. अवतरणचिन्हं काढा, ‘मी’चा ‘तो’ करा, क्रियापद एक पायरी मागे न्या. मुलं अडायची ती आज्ञार्थी वाक्यापाशी. तिथे नुसतं ‘म्हणाला’ पुरत नाही. हुकूम केला, सल्ला दिला, विनंती केली की विनवलं, यातलं एक निवडावं लागतं. एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, वाक्यात तर फक्त ‘ये’ आहे. विनंती आहे की हुकूम, कसं कळणार?” मी म्हणाले, “बोलणाऱ्याचा सूर बघायचा.” सूर ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, अशी माझी समजूत होती. त्याचा तोराही होता थोडा.

तू गेलास. पुढे सहा वर्षं दर रविवारी अकराला तुझा फोन यायचा. बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचे आणि फोन संपेपर्यंत पान उलटायचे नाहीत.

आता ते लिहिते. इथवर यायला मला दोन दिवस लागले, तीन कागद फाडले.

तुझा मुलगा तीन महिन्यांचा होता. त्या रविवारी तू म्हणालास, “ताई, बाबांना विचार, बाळाला घेऊन आम्ही येऊ का.” मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि विचारलं. बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला. ते काय म्हणाले हे मी तुला कधीच सांगितलं नाही. शब्द असे होते:

“ये म्हणावं. उद्या ये. मीच ताणलं उगाच. मी बोलेन त्याच्याशी. माडीवरची खोली रिकामी कर, पोराला उजेड लागेल.”

मी हात काढला आणि तुला सांगितलं, “बाबा म्हणाले की तुम्हाला यायचं असेल तर या.”

तू विचारलंस, “असंच म्हणाले?”

मी म्हणाले, “हो.”

तू म्हणालास, “म्हणजे त्यांच्या मनात नाही. मग मी तरी कशाला येऊ? त्यांनी एकदा बोलवावं, मी धावत येईन.” हेही मी पोचवलं नाही. बाबांना म्हणाले, “सुट्टीचं बघतो म्हणाला.” त्यांनी मान हलवली, चष्मा घातला आणि पेपर परत उचलला. त्या दिवशी त्यांनी पान उलटलं.

का केलं असं, हे तू विचारशील. मीही विचारते.

माडीवरची खोली माझी होती. माझं टेबल, माझ्या वह्या, खिडकीपाशी माझी खुर्ची. त्याच वर्षी मला दुसऱ्या गावातल्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळत होती, ती मी सोडली. बाबांना एकटं कसं टाकायचं म्हणून. त्यांना तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरं.” एवढंच. आणि जन्मात कधी ‘माझं चुकलं’ न म्हणालेला माणूस त्या रविवारी “मीच ताणलं” म्हणाला, तेही निघून गेलेल्यासाठी. जी राहिली तिनं खोली रिकामी करायची. मला राग आला, टिल्लू. रिसीव्हरवरचा हात काढेपर्यंतचाच तो राग. पुढच्या रविवारी नीट सांगू, असं मी त्याच दुपारी ठरवलंही होतं.

पुढचे दोन रविवार बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसले. मी तुझ्याशी हवापाण्याचं बोलले, बाळाच्या झोपेचं बोलले. तू त्यांचं नाव काढलं नाहीस, त्यांनी काही विचारलं नाही. जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं, कारण आता आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. तिसऱ्या रविवारी ते साडेदहालाच दुकानात निघून गेले. रविवारी दुकान बंद असायचं. मग दर रविवारी जायला लागले. अकरा महिन्यांनी तिथेच, काच कापायच्या टेबलावर डोकं टेकून बसलेले सापडले, ते तुला माहीत आहे.

तू आलास. जिन्यात मला थांबवून विचारलंस, “शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले का गं?” मी म्हणाले, “तुझी आठवण काढायचे.” तेव्हा सांगता आलं असतं. मी मनाशी म्हटलं, आता सांगून त्याला जन्मभराचं दुःख कशाला द्यायचं. खरं कारण वेगळं होतं. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होतास, आणि जगात माझ्या खांद्यावर डोकं ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हापासून तू माझे उपकार मानत आलायस. माणसांना सांगतोस, ताईनं बाप-लेकात पूल बांधला होता. दर वेळी मी उठून पाणी आणायला गेलेय, हे तुझ्या कधी लक्षात आलं नाही.

माफ कर, असं लिहीत नाही. माफी मागायचा हक्क मला बाबांकडेच होता आणि ती वेळ गेली. मागणं एकच आहे. मुलाच्या खोलीचं दार तू स्वतः वाजव. तुझी बायको भली बाई आहे, माझ्यापेक्षा कितीतरी भली. पण रोज दोघांचं ओझं वाहून तिलाही शीण येत असेल, कधी काही सलत असेल, आणि अशाच वेळी निरोप हातातल्या हातात बदलतो. त्याचं म्हणणं त्याच्या तोंडून ऐक. त्यात शिवी असली तरी ऐक. भांडण झालं तर होऊ दे, ते निदान तुमचं दोघांचं असेल.

हे पत्र तिला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा निरोप चुकवणारी,
ताई


११ एप्रिल, शनिवार

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. पाच रविवार फोन आला नाही. ही तक्रार नाही. अकराच्या सुमारास मी भाजी निवडायला घेते, म्हणजे हात गुंतलेले राहतात. आठवडाभराची भाजी एकाच दिवशी निवडून होते आणि मग बुधवारपर्यंत सुकते, एवढाच तोटा.

काल दुपारी तुझ्या बायकोचा फोन आला. म्हणाली, “ताई, पत्र पोचल्याचं कळवायला सांगितलंय यांनी.” मग तिनं आपणहून सगळं सांगितलं. पत्र वाचून तू पार दिवेलागणीपर्यंत बाहेरच्या खुर्चीत बसलास आणि उठलास तो थेट मुलाच्या खोलीत गेलास. पहिला अर्धा तास दोघांचे आवाज चढलेले होते, शेजारीण दार उघडून बघून गेली. ती स्वतः स्वयंपाकघरात पोळपाट धरून उभी होती, आत जायचं नाही असं स्वतःला बजावत. मग आवाज उतरले. आता ठरलंय म्हणे, तो हे वर्ष पुरं करणार, आणि शनिवार-रविवार हॉटेलात जाणार. पहिल्या रविवारी बोट कापून घेऊन आला आणि तू त्याला पट्टी बांधलीस. “अजून वाद घालतात,” ती म्हणाली, “पण एकमेकांशी घालतात. मला सुटल्यासारखं झालं, ताई.”

मी म्हणाले, छान झालं. आणि खरंच छान वाटलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, “आणि माझं?”

ती थांबली. म्हणाली, “रागावलेत थोडे. होईल कमी.”

ते थांबणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मी म्हणाले, “तो काय म्हणाला ते सांग. त्याचेच शब्द.”

“कशाला, ताई?”

“सांग गं.”

तेव्हा तिनं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तू म्हणालास, “तिला सांग, पत्र मिळालं. बाबांचं ते वाक्य मी रोज वाचतो. आत्ता मला तिचा आवाजसुद्धा ऐकायचा नाही.”

सांगून झाल्यावर तीच रडायला लागली. मी तिची समजूत घातली, तिचे आभार मानले. मला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते तिनं एका मिनिटात केलं, आणि माझ्यासारखीला दुखवायला तिला किती जड गेलं असेल ते मी जाणते. तिला तू बोलू नकोस. मी हट्ट धरला होता.

फोन ठेवून मी तुझं वाक्य कागदावर उतरवून घेतलं. त्यात ‘आत्ता’ आहे. तुझ्या तोंडून तो सहज गेला असेल, किंवा मोजून म्हणाला असशील, मला ठाऊक नाही. त्यातून काही काढायचं नाही असं मी ठरवलंय. दुसऱ्याच्या शब्दातून आपल्याला हवं ते काढायची खोड मला फार महाग पडली, आणि तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा महाग. तू जेवढं म्हणालास तेवढंच घेते.

वाट पाहते, असं शेवटी लिहिणार होते. तुला त्याचं ओझं होईल, म्हणून खोडलं.

घरीच असते.

ताई