ताट जड होते

घाटकोपर (पूर्व)
८ जून २०२५

आयु. मित्राताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. ऑफिसात तर आपण एकमेकांशी बोलतच नाही. म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवतोय. अक्षर ओळखून फाडू नकोस.

माझ्या जबाबाची प्रत तुला मिळाली असेल. चौकशी अधिकारी मॅडमनी मला विचारलं की, सव्वीस जानेवारीला ऑफिसच्या सत्यनारायणात अधीक्षकांनी श्रीमती संघमित्रा खिल्लारे यांच्या हातातून प्रसादाचं ताट काढून घेतलं का. मी लिहून दिलं, "ताट जड होते, म्हणून ते माझ्याकडे देण्यात आले." खाली सही केली.

बारा द्रोण होते, ताई. प्रत्येकात चमचाभर शिरा.

ते काय म्हणाले तेही मी ऐकलं होतं. तुम्ही राहू द्या, लोकांना चालत नाही, असं म्हणाले आणि वळून ताट माझ्या हातात दिलं. तुझ्या सख्ख्या चुलत भावाच्या! मी ते घेऊन टेबलाटेबलावर फिरलो. तुझ्यापाशी आलो तेव्हा तू द्रोण घेतलास, पण वर बघितलं नाहीस.

आठ वर्षं मी इथे जिंतूरकर म्हणून वावरतोय. गॅझेटमध्ये नाव बदललं, खुल्या जागेवर लागलो, कुणी कधी काही विचारलं नाही. ऑगस्टमध्ये बढतीची यादी लागेल. माझा गोपनीय अहवाल तेच अधीक्षक लिहितात. सही करताना मनात एवढंच होतं. पेन ठेवलं तेव्हा तुझे अण्णा आठवले. मी गावाहून आलो तेव्हा मुलुंडच्या त्या एका खोलीत त्यांनी स्वतःचा पलंग मला दिला होता.

घरी जान्हवी म्हणते, पत्र कसली लिहितोस, जाऊन समोर उभा राहा. दोनदा आलो. तुमच्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनने कुणाकडे म्हणून विचारलं आणि चुकून आलो सांगून परत फिरलो.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
अनि


मुलुंड (पूर्व)
१५ जून २०२५

चि. अनिस,
जयभीम.

पत्र मिळालं. फाडणारच होते, पण आई समोर बसली होती.

घाबरलास ते कळतं रे मला. पण जड? अरे यार, आठवत नाही असं लिहायचंस! चौघांनी तसंच लिहिलंय, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना पोरंबाळं आहेत, त्याच माणसाच्या हाताखाली निवृत्त व्हायचंय. तू मात्र अधीक्षकांना आयतं कारण शोधून दिलंस. आता त्यांचा सगळा खुलासा तुझ्या त्या एका वाक्यावर उभा आहे.

मला त्या शिऱ्याची हौस नव्हती, हे तुला माहीत आहे. सत्यनारायण आपल्या घरात कधी झाला? शिपाई रजेवर होता, म्हणून ताट हातात घेतलं. ठाण्याच्या ऑफिसात सहा वर्षं माझा अहवाल 'अ' होता. अंधेरीला बदली झाली आणि सलग दोन वर्षं 'ब', कारणाचा रकाना कोरा. आस्थापना शाखेतून उचलून मला आवक-जावकला बसवलं. बढती गेली. ह्या सगळ्याला कागदावर 'प्रशासकीय सोय' म्हणतात, त्यावर बोट कुठे ठेवणार? चार माणसांसमोर घडलेली गोष्ट म्हणजे ते ताट. म्हणून तक्रारीत ते पहिलं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलं. माझा भाऊ आहे, खोटं बोलणार नाही, असं वाटलं.

मी रुजू झाले त्या दिवशी तू मला जिन्यात गाठून सांगितलंस की आपलं नातं इथे कुणाला कळायला नको. मी हसून बरं म्हटलं. तेव्हाच तुझा कान पिळायला हवा होता. मोठी असून मी हसले, ह्याचीच आता लाज वाटते.

तुझं गुपित मी कुठेही फोडलेलं नाही. आईजवळसुद्धा नाही. तिला एवढंच माहीत आहे की ऑफिसातल्या एका माणसाने खोटी साक्ष दिली. ती नाव विचारते, मी विषय बदलते.

इकडे इतक्यात येऊ नकोस.

मित्रा


मुलुंड
२४ जून २०२५

चि. अनिरुद्ध यास,
मोठ्या आईचा जयभीम आणि आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा दुखतो. तुला फोन केला असता, पण दिवसा तू ऑफिसात आणि संध्याकाळी मित्रा घरात असते, तिच्यासमोर बोलता येत नाही. म्हणून लिहिते. माझ्या अक्षराला हसू नकोस. रात्रशाळेत शिकलेलं आहे, तूच मला जोडाक्षरं घोटून दिली होतीस.

मित्रा नीट जेवत नाही. डबा अर्धा परत आणते. तिची ती तक्रार चालू आहे, तुला माहीतच असेल. कुणीतरी माणूस म्हणाला म्हणे, की ताट जड होतं. हे ऐकल्यापासून मला बरं वाटत नाही. अरे, माझ्या पोरीने पाण्याचे दोन दोन हंडे तिसऱ्या मजल्यावर चढवलेत.

ती नाव सांगत नाही. तू त्याच ऑफिसात आहेस. तो कोण आहे ते हुडकून काढ. भांडू नकोस. तुझं बोलणं पहिल्यापासून गोड आहे, त्याला बाजूला घेऊन समजाव. म्हणावं, तुलाही बहीण असेल. माणूस वाईट नसेल, पोटासाठी बोलला असेल. पण एकदा खरं बोल म्हणावं.

तुझ्या बाबांचा, कुंडलिक भावजींचा, गावाहून फोन आला होता. तुझं कौतुक सांगत होते. ऊर भरून आला.

जान्हवीला घेऊन ये. तुला आवडतं ते सुकट करीन.

तुझी,
मोठी आई


घाटकोपर (पूर्व)
३ जुलै २०२५

ती. मोठ्या आईस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र आलं, त्याला पाच दिवस झाले. खिशात घेऊन ऑफिसात जातो आणि तसंच परत आणतो. हे पत्र तू एकटी असताना वाच.

तो माणूस मी आहे.

मला हुडकायला कुठे जावं लागलं नाही. ताट मित्राताईच्या हातातून काढून माझ्याच हातात दिलं होतं आणि जड होतं असं मीच लिहून दिलं. मी खिल्लारे आहे हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. कळू नये म्हणून आपल्या घरच्या बाईला मी परकं केलं. माणूस वाईट नसेल असं तू लिहिलंस. त्या वाक्यापुढे मला वाचवेना.

सोमवारी मी चौकशी अधिकारी मॅडमकडे जाऊन दुसरा जबाब दिला. अधीक्षक काय बोलले ते शब्दन् शब्द लिहिलं. मॅडमनी विचारलं की पहिला जबाब खोटा होता, मग दुसऱ्यावर विश्वास का ठेवायचा. तेव्हा मी सांगितलं की तक्रारदार माझ्या चुलत्यांची मुलगी आहे, आणि माझं जुनं आडनावही सांगितलं. वाटलं होतं, आता छाती मोकळी होईल. मॅडमनी फाइल उलटून ताईचा जबाब काढला आणि माझ्यासमोर ठेवला. साक्षीदारांशी काही नातं आहे का, ह्या प्रश्नापुढे ताईने लिहिलं होतं, नाही. खाली सही.

मी तिला माझं गुपित सांभाळायला सांगितलं होतं. तिने ते शपथेवर सांभाळलं. आणि मी खरं बोलायला गेलो तो तिलाच खोटी पाडून आलो. मला हे आधी कळायला हवं होतं. ताईला विचारून जायला हवं होतं. पण तिला तोंड दाखवायचं टाळून परस्पर मोठेपणा करायला गेलो.

ऑफिसात दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. माझ्या शेजारी बसणारा हर्षद म्हणाला की आम्हाला काय फरक पडला असता, सांगायचंस ना. दुसऱ्या दिवसापासून तो डबा घेऊन लेखा शाखेत बसतो.

सुकट करू नकोस. बोलावशील तेव्हाच येईन.

तुझा,
अनिरुद्ध


मुलुंड (पूर्व)
१५ सप्टेंबर २०२५

चि. अनिस,
जयभीम.

चौकशीचा निकाल हातात आला. अहवालाचा 'ब' कारणाशिवाय दिल्यामुळे माझी प्रतवारी पुन्हा तपासणार आहेत. तेवढं पदरात पडलं. ताटाची बाब मात्र 'सिद्ध होत नाही'. तक्रारदार आणि साक्षीदार दोघांनी आपसातलं नातं लपवलं, सबब दोघांचं म्हणणं विश्वासार्ह नाही, असं लिहिलंय. अधीक्षक आहेत तिथेच आहेत. सकाळी मला बघून मान हलवतात, काही झालंच नाही असं.

तू परस्पर गेलास म्हणून महिनाभर तुझा राग राग केला. मग एकदा माझा जबाब काढून वाचला. ते 'नाही' माझ्याच हाताचं आहे. तिथे तू नव्हतास, मला कुणी धाक घातला नव्हता. घरचं माणूस नाकारायला मलाही एक शब्दच लागला. तुला कोणत्या तोंडाने बोलू?

तुझं नाव बढतीच्या यादीत नाही, हे कळलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

आईने तुझं पत्र एकटीने वाचलं. ओळीवर बोट ठेवून वाचते, त्यामुळे बराच वेळ लागला. रडली नाही. मला जवळ बोलावून विचारलं की तुला माहीत होतं ना. मी हो म्हटलं. त्यावर ती म्हणाली की मग दोघांनी मिळून मला फसवलंत. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तुझं नाव निघालं की उठून आत जाते.

मी सोडणार नाही. अनुसूचित जाती आयोगाकडे अर्ज करतेय. त्याला आपल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडायची आहेत. नातं काय, ते का लपवलं, कुणी लपवायला सांगितलं आणि कोण बरं म्हणालं, सगळं. वकीलबाई म्हणाल्या की ह्याने तुमचीच बदनामी होईल, विचार करा. मी म्हटलं, केलाय.

शनिवारी, वीस तारखेला सकाळी अकरा वाजता मुलुंड स्टेशनजवळच्या नोटरीकडे ये. आधार कार्ड आण आणि नाव बदलल्याचं गॅझेटही. नोटरी मजकूर मोठ्याने वाचून घेतो. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली की मीपण येणार. गुडघ्याचं कारण सांगून बघितलं, ऐकत नाही. बाकावर बसेन म्हणते, कुणाशी बोलणार नाही, मला फक्त ऐकायचंय.

तेव्हा वेळेवर ये. आणि वाचताना आवाज चढा ठेव, तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं.

लोभ आहे. तो पुढे किती ठेवायचा, ते शनिवारनंतर बघू.

तुझी,
मित्राताई