बारा उसवायचा कसा

सर, इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्ही गेलात त्याला वर्षं लोटली, पण आज दुसऱ्या कोणाला विचारू? नात गणिताच्या पेपराला गेलीय. फेरपरीक्षा आहे. आताही राहिली तर माझा मुलगा तिला पूर्णा गावातल्या गोदामात पॅकिंगला लावणार. आणि तिला लॉग शिकवलेत मी, दहावीही पुरी न केलेल्या माणसाने. सकाळचा चहा तसाच समोर गार झालाय.

तिने वहीत लिहिलं होतं, लॉग दोन अधिक लॉग तीन म्हणजे लॉग पाच. मी बघतच राहिलो. शाळेत तुमच्यासमोर फळ्यावर मीही हेच लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "काय रे, तुटलेलं सूत सांधतोयस काय?" वर्ग हसला. मी खरंच तेच करत होतो. दोन हात सुताला तीन हात सूत गाठ मारून जोडलं की पाच हात होतं, हे आमच्या घरचं गणित. तसं मी बोलूनही गेलो. तुम्ही हसला नाहीत. खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "उद्या सांगतो."

त्याच संध्याकाळी तुम्ही धामणकर नाक्यामागच्या आमच्या मागाच्या कारखान्यात उभे. त्या खडखडाटात ओरडताय, "कापड कसं होतं ते दाखवा मला!" चालू शिफ्टमध्ये कोणासाठी हात न थांबवणाऱ्या माझ्या बापाने लूम बंद केला. "मास्तर, पोराने काय केलं?" "काही नाही. शिकवण्यात मीच कमी पडलो." असं बोलणारा मास्तर मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्या कॉलरला अजून कापूस चिकटलेला. फळ्यावर दोन उभ्या रेघा, त्यांवरून तीन आडव्या. "कुठे कुठे छेदतात ते मोज." सहा ठिकाणी. "बाहेर बेरीज दिसते, पण आत ताणा-बाणा आहे, उभ्या-आडव्या धाग्यांचा गुणाकार. म्हणून लॉग सहा." मग बारा उसवायला लावलात. दोन, दोन, तीन. दोनच्या लॉगची दुप्पट, त्यात तीनचा लॉग. उत्तर १.०७९१. तुम्ही वर्गाला म्हणालात, "बघा, कारागीर!" ती हाक मी अजून जपून ठेवलीय.

काल त्याच रेघा नातीला काढून दाखवल्या. "आजोबा, हे आधी का नाही सांगितलंत?" म्हणत तिने बहात्तर एका दमात उसवला. आठ आणि नऊ, म्हणजे तीनदा दोन, दोनदा तीन. मग विचारते, "पण कंसातच बेरीज असली, क्ष अधिक य, तर?" मी ठासून सांगितलं, "ते उसवत नाही. तसंच ठेवायचं." सर, हे तुम्हीच सांगितलं होतंत ना? की मी मनाचं ठोकून दिलं? का उसवत नाही, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण तुम्ही इतके खूश होतात, की विचारवलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, उशीखालीच राहील. तरी ती पेपर देऊन नाक्यावर रिक्षातून उतरायच्या आत, ते खरंच उसवत नाही ना, तेवढं एक कळवा.